यंत्राची अष्टमी

विजयेंद्ररावांनी जन्मभर दुसऱ्यांची मापं चुकीची ठरवली. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात ते तीस वर्षं होते. गावभरचे दाबमापक, तापमापक, तराजूचे काटे तिथे यायचे. ते तपासायचे, किती चुकतात ते चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली सही करायची, एवढंच त्यांचं काम. काम करायची त्यांची एक पद्धत होती. कुठलंही यंत्र हातात आलं की त्याला आधी माहीत असलेलं माप लावायचं. किलोचं वजन ठेवल्यावर काटा किलो दाखवतो का ते बघायचं, मग पुढचं. या पद्धतीने त्यांनी भल्याभल्यांना खजील केलं होतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं असं काही म्हणता येणार नाही.

माणूस तंजावरकडचा मराठी. तीन पिढ्या मद्रासेत, आता चेन्नईत. घरात मराठी, तीही इकडच्या वळणाची. भाजीवाल्याशी तमिळ, कारखान्यात तमिळ आणि इंग्रजी. पश्चिम मांबलमला दोन खोल्या आणि मागे हातभर परसू. नातेवाईक मंडळींत त्यांची ओळख कारखान्यामुळे नव्हती, तिथीमुळे होती. दरवर्षी पाडव्याला ते त्रेचाळीस घरांना एक कागद पाठवत. कोणाच्या घरी कोणाचं श्राद्ध, कोणती तिथी, यंदा ती कुठल्या तारखेला येते, हे सगळं त्यावर असे. हा कागद देवघरात लावायची रीतच पडली होती.

त्याची सुरुवात अठ्ठ्याऐंशी साली झाली. त्या वर्षी त्यांनी बर्मा बाजारातून, म्हणजे परदेशी माल मिळायचा तिथून, एक घरगुती संगणक आणला. करडा, जाडजूड, टीव्हीला जोडायचा. कुठल्या कंपनीचा ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण नावाची पट्टी आधीच निघून गेलेली. लिहिलेलं सगळं कॅसेटवर साठवायचं, आणि परत वाचताना ते तीन मिनिटं किंचाळायचं. लोक अशा संगणकावर खेळ खेळत. विजयेंद्ररावांनी पाच महिने खपून एक प्रोग्राम लिहिला. इंग्रजी तारीख घातली की तिथी सांगणारा.

याला कारण होतं. नोकरदार लोक, बदल्या, विखुरलेली घरं. आजोबा कधी गेले ते पेन्शनच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, पण तिथी सांगणारी पिढी निघून गेलेली. तिथीवाचून श्राद्ध कसं करायचं? अशा घरांना या प्रोग्रामने मोठाच आधार दिला. विजयेंद्ररावांनी आधी रीतीप्रमाणे माहीत असलेली मापं लावून पाहिली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले बारा मृत्यू, ज्यांची तिथी घरच्यांना पक्की ठाऊक होती. बाराच्या बारा जुळल्या. ते त्या दिवशी इतके खूश झाले की बायकोला, चंद्रिकाला, कामातून उठवून टीव्हीसमोर उभं केलं.

मग त्यांनी आपल्या वडिलांची तारीख घातली.

वडील त्यांनी पाहिलेच नव्हते. छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात तापाने गेले आणि हे सत्तावन्नच्या फेब्रुवारीत जन्मले. घरात वडिलांचा एकच फोटो होता, तोही कचेरीतल्या वीस जणांच्या रांगेतला. श्राद्ध मात्र न चुकता व्हायचं, कार्तिक वद्य सप्तमीला. यंत्राने अष्टमी सांगितली.

आई, भवानीबाई, उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "सप्तमी होती रे. मी होते की तिथं."

"आई, बारा तिथ्या जुळल्या आहेत."

"असतील. पण सप्तमी होती."

यावर विजयेंद्ररावांनी आईला पुष्कळ समजावून सांगितलं. तिथी दुपारी बदलते, सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी, पंचांग जुनं, सांगणारा भटजी घाईतला. आणि शेवटी म्हणाले, "तू तरी त्या दिवशी शुद्धीवर होतीस का?"

भवानीबाई थोडा वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरी, बरं. तुझ्या यंत्राला ठाऊक असेल."

त्या वर्षापासून श्राद्ध अष्टमीला होऊ लागलं. पहिल्या पाडव्याच्या कागदावर सगळ्यात वरती विजयेंद्ररावांच्या वडिलांचं नाव आणि समोर अष्टमी, असं टाईप करून गेलं.

पुढे बरीच वर्षं गेली. आई गेल्या, त्यालाही वीस वर्षं होऊन गेली. विजयेंद्रराव निवृत्त झाले. तिथ्या एकदा काढून झाल्या होत्या आणि त्या-त्या वर्षीच्या तारखा छापील पंचांगात मिळत, त्यामुळे प्रोग्राम चालवायची वेळ क्वचित यायची. करडा संगणक पलंगाखाली, चादरीत गुंडाळलेला. वर्षातून एकदा त्याला बाहेर काढून, पुसून, चालू करून ते परत ठेवत.

यंदा कुंभकोणमहून त्रिपुरसुंदरी नावाच्या चुलत बहिणीचा फोन आला. तिच्या सासरच्या एका आजोबांचा मृत्यूचा दाखला सापडला होता, १९४९ सालचा. तिथी काढून हवी होती. विजयेंद्ररावांनी चादर सोडली, टीव्हीला वायर लावली, कॅसेट किंचाळली, प्रोग्राम आला. पण चाराचं आणि नवाचं बटण मेलेलं होतं. एकोणीसशे एकोणपन्नास लिहायचं तर नेमके तेच आकडे हवेत. बटणाखालचा पातळ पापुद्रा चिरला होता आणि तसा पापुद्रा आता जगात कोणी बनवत नाही.

चंद्रिकाबाई म्हणाल्या, "मोबाईलवर मिळते की तिथी."

"मिळते. पण ती कोणी काढली?"

"कोणी का काढेना!"

"ज्याने काढली त्याची सही नाही," विजयेंद्रराव म्हणाले आणि त्यांनी विद्याधरांना फोन लावला.

विद्याधर हे वेळच्चेरीला राहणारे, मूळचे साताऱ्याचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर चेन्नईला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. त्यांना जुने घरगुती संगणक जमवायचा नाद. त्यांच्याकडे एका शाळेने भंगारात काढलेला पिवळट संगणक होता, बटणं अजून कुरकुरीत, फ्लॉपी चालणारा, सगळं ठणठणीत. ठरलं असं की प्रोग्राम करड्यातून काढून पिवळ्यात घालायचा, म्हणजे पुढची वीस वर्षं काळजी नको. हा प्रोग्राम हरवला तर आपल्यापाशी काय उरलं, असं विजयेंद्रराव बायकोला म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

दोघे मिळून विद्याधरांकडे कामाला बसले ते एका मंगळवारी सकाळी. विजयेंद्ररावांनी संगणक रिक्षातून मांडीवर घेऊन आणला होता.

पहिली अडचण अशी की एकाची कॅसेट दुसऱ्याला कळेना. दोन्ही संगणक अक्षरांचा आवाजच करतात, पण एकाचा जाड आणि सावकाश, दुसऱ्याचा बारीक आणि घाईचा. करड्याला बाकी कुठली वायर लावायची सोयच नव्हती. त्यावर विजयेंद्ररावांनी आधीच एक युक्ती काढून ठेवली होती. करड्याला आवाजाच्या भोकातून एकेक अक्षर सावकाश, आठ ठोक्यांत वाजवायला लावायचं. पिवळ्याने ते ठोके मोजून अक्षर ओळखायचं. मधे एक छोटीशी डबी, तिच्यात दोन ट्रान्झिस्टर. डबी त्यांनी घरूनच करून आणली होती, झाकणावर तारीख आणि सही घालून.

पहिल्या खेपेला पलीकडे नुसता कचरा आला. ओळीओळीने चौकोन आणि उलटे स्वल्पविराम.

"अहो, हे काय, भाताचं शीत चिकटल्यासारखं दिसतंय," विद्याधर म्हणाले.

विजयेंद्ररावांनी कपाळावर हात मारला. करडा संगणक जागा वाचवायला अख्खा शब्द एका आकड्यात साठवतो, आणि त्याचे आकडे त्यालाच ठाऊक. पिवळ्याचं कोष्टक निराळं. तेव्हा शब्द सुटा करून, अक्षर अक्षर पाठवायला हवा. त्यात आणखी तासभर गेला. मग एकशे चाळीस ओळी, टक टक टक, चोवीस मिनिटांत पलीकडे गेल्या. विद्याधरांच्या पत्नी सरोजिनीबाई दोनदा येऊन बघून गेल्या आणि दोन म्हातारे एका डबीकडे कान लावून बसलेत, याला काय म्हणावं ते न कळून परत गेल्या.

प्रोग्राम पिवळ्यावर चालू झाला. विद्याधर म्हणाले, "घाला, एकोणपन्नासची तारीख घाला."

"थांबा विद्याधर सार. आधी माहीत असलेलं माप," विजयेंद्रराव म्हणाले आणि त्यांनी वडिलांची तारीख घातली.

पिवळ्याने उत्तर दिलं, सप्तमी.

विजयेंद्रराव हसले. "एक अक्षर गळलं वाटेत."

तेव्हा त्यांनी दोन्ही पडद्यांवर प्रोग्राम उघडला. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ताडून बघायचं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसाव्या ओळीवर विद्याधर थांबले. "ही एकतीस जानेवारी सत्तावन्न काय आहे?"

"अमावास्या. कुठून तरी दिवस मोजायला सुरुवात करावी लागते. माझ्या जन्माआधीची अमावास्या घेतली."

"तुमच्या जन्माआधीची का?"

"कुठलीही चालते. ही लक्षात राहते," विजयेंद्रराव म्हणाले. तसं ते खरंच होतं. पण त्या वयात, एकतीस वर्षांच्या माणसाला, काळ आपल्यापासून सुरू झालेला पाहायला बरंही वाटलं असणार.

एकशे चाळीस ओळी वाचून झाल्या. एक स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे नव्हता. विजयेंद्ररावांनी सगळं पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. एव्हाना त्यांचं हसू गेलं होतं आणि ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. विद्याधरांनी जेवायचं विचारलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

मग विद्याधरांनी एक केलं. दोन्ही संगणकांना एकच साधा प्रश्न घातला. उणे अडीच या आकड्याचा अपूर्णांक काढून टाक आणि पूर्णांक सांग. दोनाचं आणि पाचाचं बटण करड्यावर चालत होतं. पिवळा म्हणाला, उणे तीन. करडा म्हणाला, उणे दोन.

 समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच, तीस वर्षं मापं तपासलेल्या माणसाला तर नाहीच नाही. करडा संगणक अपूर्णांक नुसता छाटून टाकायचा. शून्याच्या वर त्याने काही बिघडत नाही, अडीचाचे दोन होतात. शून्याच्या खाली मात्र छाटलं की आकडा खाली उतरायच्या ऐवजी एक पायरी वर सरकतो. वडिलांचा आकडा होता उणे अडुसष्ट आणि वर काही. पिवळा उणे एकोणसत्तरावर उतरला, सप्तमी. करडा उणे अडुसष्टावर थांबला, अष्टमी. आणि शून्य म्हणजे विजयेंद्ररावांच्या जन्माआधीची अमावास्या. त्यांच्या जन्मानंतर जे गेले त्यांची तिथी बरोबर. जन्माआधी जे गेले त्या सगळ्यांची एका दिवसाने चुकलेली. पडताळणीच्या बाराही तिथ्या सत्तावन्ननंतरच्या होत्या. त्याआधीची तिथी पक्की ठाऊक असलेलं माणूस त्यांच्या ओळखीत एकच होतं, आणि ते तांदूळ निवडत बसलं होतं.

विद्याधरांनी हळूच मोबाईलवर पंचांग उघडलं आणि बंद केलं. त्यांनी काय पाहिलं ते विजयेंद्ररावांनी विचारलं नाही.

"असं होतं हो," विद्याधर म्हणाले. "तेव्हा कोणाला ठाऊक असणार, आतमध्ये काय करून ठेवलंय ते?"

"तपासायचं माझं काम होतं," विजयेंद्रराव म्हणाले. मग त्यांनी त्रिपुरसुंदरीच्या आजोबांची तारीख घातली, उत्तर कागदावर उतरवून घेतलं, त्याखाली सही करायला पेन टेकवलं आणि न करताच कागद खिशात ठेवला.

परत येताना करडा संगणक मांडीवर होता. वेळच्चेरीपासून सैदापेठेपर्यंत रिक्षावाला पुलाच्या कामाबद्दल बोलत होता आणि विजयेंद्रराव आमा, आमा म्हणत त्याला होकार देत होते. डोक्यात मोजणी चालली होती. अठ्ठ्याऐंशीपासून गेल्या सालापर्यंत किती श्राद्धं झाली. त्या सगळ्या वर्षी वडील सप्तमीला आले असतील, घरात काही नाही हे पाहून परत गेले असतील, आणि दुसऱ्या दिवशी आपण पिंड ठेवून बसलो. विजयेंद्रराव अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारे नव्हते. पण त्या रिक्षात त्यांना रडू येत होतं, आणि आईचा विचार आला की वडिलांपेक्षाही जास्त येत होतं. शुद्धीवर होतीस का, असं विचारलं होतं तिला. पोटात मूल, समोर नवऱ्याचं प्रेत, आणि तिथी लक्षात ठेवली होती तिने.

घरी आल्यावर त्यांनी चंद्रिकाबाईंना सगळं सांगितलं, न बसता, चप्पल काढायच्या आधी. सांगून झाल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं अप्पांचा दिवस चुकला. माझ्यामुळे."

चंद्रिकाबाईंनी त्यांच्या हातातून संगणक घेऊन पलंगावर ठेवला. म्हणाल्या, "नाही चुकला."

"म्हणजे?"

"श्राद्धाच्या आदल्या दिवशी आपल्याकडे डांगर असतं की नाही?"

असायचं. उडदाच्या भाजक्या पिठाचं, दह्यात कालवलेलं डांगर आणि भात. दरवर्षी, न चुकता. श्राद्धाच्या आदल्या दिवशी एकभुक्त राहायचं, तर हलकं म्हणून करत असतील, असं ते धरून चालले होते. खरं म्हणजे त्यांनी कधी काही धरलंही नव्हतं, जेवले होते.

"अप्पांना आवडायचं ते," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "तुम्ही दिवस बदललात, त्या साली सप्तमीला आई पहाटे उठल्या, न्हाल्या, सगळा अस्की स्वयंपाक एकटीने केला. पहिलं पान परसात ठेवलं. मी विचारलं, आज काय? तर म्हणाल्या, त्यांचा दिवस आहे. शेवटी झोपून होत्या ना, तेव्हा माझ्याकडून कबूल करून घेतलं. तेव्हापासून मी ठेवते."

"मी घरातच असायचो."

"तुम्ही रोज कावळ्याला भात ठेवताना बघता मला. त्या दिवशीचं पान निराळं असतं ते कशाला बघाल?"

विजयेंद्रराव पलंगावर बसले. म्हणाले, "मला का नाही सांगितलंत दोघींनी?"

"आईंनी नको सांगितलं होतं." चंद्रिकाबाई थोडं थांबल्या. त्यांना ते शब्द सासूबाईंच्याच तोंडचे आठवायचे होते. "म्हणाल्या, विजूला सांगू नकोस. आम्ही सगळ्यांनी त्यांना पाहिलंय. त्याने नाही पाहिलं. पाच महिने बसून त्याने तो दिवस काढलाय. बापाचं म्हणून तेवढंच आहे त्याच्यापाशी, राहू दे त्याला."

त्या दिवशी विजयेंद्रराव जेवले नाहीत आणि चंद्रिकाबाईंनी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी काढली. सत्तावन्नच्या आधी गेलेली अकरा नावं होती, नऊ घरांत. नऊ घरांना त्यांनी स्वतः फोन केले. माझी चूक झाली, तिथी एक दिवस अलीकडे घ्या, असं प्रत्येकाला स्वच्छ सांगितलं. पद्मनाभ नावाच्या भाच्याने विचारलं, "मामा, आता यंत्र बदललंत म्हणून तिथी बदलली, उद्या आणखी बदललंत तर?" त्यावर, मग पुन्हा फोन करीन, असं ते म्हणाले. दोन घरांत आता श्राद्ध होतच नव्हतं. कागद मात्र दोन्हीकडे लावलेला होता. त्रिपुरसुंदरीला त्यांनी तिथी कळवली आणि त्या कागदावर सही केली.

सगळ्यात शेवटी त्यांनी आपल्या पुरोहितांना, अनंतकृष्ण शास्त्रींना, फोन केला. म्हाताऱ्या माणसाला एकदम काही कळेना. इतकी वर्षं अष्टमी पाठ झालेली.

"सप्तमी? ही कोणी काढली?"

"आईने."

"आई जाऊन वीस वर्षं झाली. कधी सांगितलं त्यांनी?"

"अठ्ठ्याऐंशी साली," विजयेंद्रराव म्हणाले. "त्याच दिवशी सांगितलं होतं."

शास्त्रींनी पंचांगाची पानं उलटली. मग, सप्तमीला सकाळी नऊला येतो, दर्भ आहे ना घरात, असं त्यांनी विचारलं. विजयेंद्ररावांनी चंद्रिकाला विचारून आहे म्हणून सांगितलं, आणि पिठाच्या डब्यात उडदाचं पीठ किती आहे ते बघायला ते उठले.